यादीतली स्वप्नं माझी वाटतच नाहीत, मग माझं स्वप्न कुठलं?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): या ताईंचं वय ४२. बरीच वर्षं एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, नवरा नोकरी करतो, मुलगी कॉलेजात. ऑफिसात एक वर्कशॉप झालं आणि तिथे प्रत्येकाला 'आयुष्यातली तीन सगळ्यात मोठी स्वप्नं' लिहायला सांगितली. यांनी लिहिलं, मोठं घर, जगप्रवास, स्वतःचं एक पुस्तक. बाकीचे आपापलं भरभरून वाचत होते आणि यांना आपलाच कागद वाचताना काहीच वाटेना. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. "माझ्यात स्वप्न बघायची ताकदच नाही का, की आता या वयात हे शोधणंच चुकीचं आहे?" पुढे त्या लिहितात की दोनेक वर्षांपूर्वी घरातली एक मोडकी खुर्ची त्यांनी स्वतः दुरुस्त केली, तेव्हापासून सुतारकामाचा नाद लागलाय, व्हिडिओ बघून शिकतात, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत करवत आणि रंधा घेऊन बसतात. नवरा म्हणतो, "छंद म्हणून ठीक आहे." त्यांचा प्रश्न असा: "याला स्वप्न म्हणायचं का? म्हणायचं तर त्यासाठी नोकरी सोडायची हिंमत माझ्यात नाही, मग ते स्वप्न खोटंच ना?"

ताई,

तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि मला त्यात एक गोष्ट दिसली जी लिहिताना कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. तीन मोठ्या स्वप्नांना मिळून तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि खुर्चीला दीड पान. मागचा पाय कसा हलत होता, जुना सरस खरवडताना लाकडाची ढलपी कशी निघाली, सांधा तीनदा सोडवून परत बसवावा लागला, पटाशीला (म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीला) धार लावायला शिकण्यातच किती वेळ गेला. हे तुम्हाला कुणी विचारलेलं नव्हतं, तुम्ही आपणहून सांगितलंत. माणूस न विचारता ज्या गोष्टीबद्दल इतकं बोलतो तिथे काहीतरी आहे, एवढं मी खात्रीने म्हणेन. ते तुमचं 'सगळ्यात मोठं' स्वप्न आहे का हे मात्र आज मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकणार नाही, आणि ते आजच्या आज ठरलंच पाहिजे ही घाई तुमच्या मनात कुठून आली ते आधी बघूया.

त्या वर्कशॉपमधल्या कागदाने एक गोष्ट गृहीत धरली होती. प्रत्येकाच्या आत एक मोठं स्वप्न तयार होऊन बसलेलंच आहे, फक्त दहा मिनिटं डोळे मिटून बसलं की ते बाहेर येईल. बहुतेकांच्या बाबतीत असं होत नाही हो. ओढ आधी अगदी बारीक असते, आपण तिच्यासाठी काहीतरी करतो, थोडं जमतं, बरंच बिघडतं, परत करावंसं वाटतं, आणि असं करता करता ती मोठी होते. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा २०१८ साली छापून आलेला अभ्यास आहे. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरचा एक मस्त व्हिडिओ दाखवला, तो बघून सगळ्यांनाच विषय आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. 'आवड ही जन्मतः ठरलेली असते, ती फक्त सापडावी लागते' असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त उतरला. त्यांची अपेक्षाच अशी होती की खरी आवड सापडली की मग पुढे सगळं आपोआप येतं, आणि अवघड गेलं की त्यांना वाटलं, म्हणजे ही आपली आवड नव्हतीच. तुमचं उलटं झालंय बघा. सांधा तीनदा चुकला, तुम्ही चिडलात, आणि पुढच्या सुट्टीला सकाळी परत गॅलरीत होतात. हे तुम्हीच लिहिलंय आणि वर विचारताय की माझ्यात ताकद नाही का!

आता त्या तीन गोष्टींकडे येऊ, कारण त्या फेकून द्या असं मी अजिबात म्हणणार नाहीये. दुसऱ्याने दिलेल्या यादीतसुद्धा आपला एखादा तुकडा असतोच. मोठं घर कशाला हवंय? लोकांनी बघावं म्हणून, की तुम्हाला हत्यारं पसरून ठेवता येतील, रोज आवरावी लागणार नाहीत अशी एक खोली हवीय म्हणून? जगप्रवास खरंच हवाय की महिनाअखेरच्या त्या आकड्यांमधून सुटका हवीय? दोन्ही खरं असू शकतं पण दोघांसाठी करायच्या गोष्टी फार वेगळ्या आहेत, एकीला पंधरा दिवसांची रजा पुरेल आणि दुसरीला कदाचित डिपार्टमेंट बदलून मागावं लागेल. आणि पुस्तक... पुस्तकाबद्दल मला जरा शंका आहे. तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना तुम्ही कविता करायचात आणि सगळे म्हणायचे की ही पुढे लेखिका होणार. गेल्या पाच वर्षांत कुणी न सांगता, नुसतं राहवलं नाही म्हणून तुम्ही काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते स्वप्न जिवंत आहे. नसेल तर ते वीस वर्षांच्या मुलीचं होतं, तिचं तेव्हा खरं होतं, आणि आज ते खाली ठेवलं तर त्यात हार वगैरे काही नाही. कार्स्टन रॉश या मानसशास्त्रज्ञांचं यावर बरंच काम आहे, २००३ पासूनचं. जी माणसं आता हाताशी न येणारी ध्येयं सोडू शकतात आणि त्या जागी दुसरं काहीतरी अर्थाचं धरू शकतात ती मनाने जास्त बरी असतात असं त्यात दिसतं. दोन्ही गोष्टी लागतात पण, सोडणंही आणि नवं धरणंही. नुसतं सोडलं तर पोकळीच राहते.

स्वप्न आपलं आहे की उसनं आणलेलं हे कसं ओळखायचं असं तुमच्यासारखं बरेच जण विचारतात. मी एक प्रश्न विचारायला सांगते. समजा ही गोष्ट तुम्ही केलीत आणि ती कुणालाही कधीच कळणार नाही, फोटो नाही, स्टेटस नाही, नातेवाईकांत चर्चा नाही, तरी कराल का? डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट इथे मला फार आवडते. खगोलशास्त्रात जगभर नाव झालेलं असताना त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. स्वतःचं नाव घातलं असतं तर केवढं सोपं गेलं असतं. पण त्यांना कथा लिहायची होती आणि ती कथा म्हणून कशी आहे तेच बघायचं होतं. (बक्षीस मिळालं, पहिलं.) त्यानंतरही ते संशोधन करत राहिले आणि कथा-कादंबऱ्याही लिहीत राहिले, एकासाठी दुसरं सोडलं नाही, त्यावर खाली येतेच.

ध्येय आपल्याला का हवंय यावर केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९० च्या दशकात अभ्यास केले. दुसऱ्या कुणाला हवंय म्हणून, किंवा नाही केलं तर लाज वाटेल म्हणून धरलेल्या ध्येयामागे लोक सुरुवातीला जोर लावतात पण तो टिकत नाही. जे मनापासून पटतं किंवा करताना आनंद देतं त्याच्यामागे कष्ट टिकतात, आणि पूर्ण झाल्यावर समाधानही जास्त मिळतं. ही दुसरी बाजू लोक विसरतात. उसनं स्वप्न पूर्ण होऊनही माणूस रिकामाच राहू शकतो. म्हणून त्या कागदाने तुम्हाला काही वाटलं नाही ही मला चांगली गोष्ट वाटते, तुमचं मन तुमच्याशी खरं बोललं.

दुसरा प्रश्न मी विचारायला सांगते तो साध्या दिवसाचा. स्वप्न बघताना आपण नेहमी शेवट बघतो, तयार टेबल, त्यावर पडलेलं ऊन, लोक वा वा म्हणताहेत. पण आयुष्य जातं ते मधल्या दिवसांत. तुमच्या बाबतीत मधला दिवस म्हणजे पॉलिशपेपरने तासन्‌तास घासणं, केसांत भुसा, गुण्या लावल्यावर कळणं की कोपरा काटकोनात नाहीये, चांगली फळी एका चुकीच्या कापाने वाया जाणं. तो दिवस हवाय का? पुस्तकाचा मधला दिवस हवाय का, म्हणजे तेच पान पाचव्यांदा लिहिणं? ज्याचा मधला दिवसही आपल्याला चालतो, नव्हे हवासा वाटतो, त्याला मी मोठं म्हणेन, मग बाहेरून ते कितीही लहान दिसो. हा निकष माझा आहे, कुणाला पटणार नाही, पण इतक्या पत्रांनंतर माझा यावर पक्का विश्वास बसलाय.

म्हणूनच त्या व्हिजन बोर्ड (आपल्या स्वप्नांची चित्रं चिकटवलेला फळा) वगैरे प्रकारांबद्दल एक सांगून ठेवते कारण वर्कशॉपवाल्यांनी तुम्हाला तेही करायला सांगितलंय. गॅब्रिएले एटिंगेन आणि थॉमस वॅडन यांचा १९९१ चा अभ्यास आहे, वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या बायकांवरचा. आपल्याला जमेल असा ज्यांना विश्वास होता त्यांचं वजन जास्त उतरलं, पण ज्या नुसती गोड गोड चित्रं रंगवत होत्या, आपण बारीक झालोय, सगळे वळून बघताहेत, त्यांचं कमी उतरलं. विश्वास वेगळा आणि दिवास्वप्न वेगळं. चित्र बघून मन अर्धं सुखावतं आणि हातपाय ढिले पडतात. एटिंगेन यांचा पुढचा सल्ला म्हणूनच असा आहे की चित्र बघा जरूर, पण लगेच त्याच्यासमोर अडथळा ठेवा, आणि तोही आपल्या आतला. म्हणजे जागा नाही, वेळ नाही हे आहेच, पण तुमचा आतला अडथळा कुठला? पत्रावरून मला वाटतं तो असा असावा की संध्याकाळी थकून आल्यावर तुम्ही फोनवर दुसऱ्यांचे सुतारकामाचे व्हिडिओ बघत बसता आणि त्यातच केल्यासारखं वाटून जातं. आणि दुसरा, कुणा जाणत्या कारागिराकडे जाऊन "मला शिकवा" म्हणायची लाज. चुकत असेन तर सांगा.

अडथळा सापडला की त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवायचं, जर असं झालं तर मी तसं करेन. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने हे 'जर-तर' ठरवणं बरंच अभ्यासलंय आणि ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली घेतला तेव्हा त्याचा परिणाम चांगलाच दिसला. नुसतं "यापुढे नियमित करेन" पेक्षा "बुधवारी जेवण झाल्यावर फोन आत चार्जिंगला लावेन आणि अर्धा तास फक्त पटाशीला धार लावेन" हे जास्त चालतं. रात्री करवतीचा आवाज शेजाऱ्यांना नको, म्हणून रात्रीची कामं म्हणजे धार लावणं, मापं काढणं, कागदावर आराखडा, घासणं. आवाजाची कामं सुट्टीला. आठवड्याला पाच तास निघाले तरी वर्षाचे २६० होतात, पाच वर्षांत १३००, आणि तेव्हा तुम्ही फक्त ४७ च्या असाल. वयाबद्दल याच्यापेक्षा जास्त बोलायची मला गरज वाटत नाही. टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी त्या ३९ वर्षांच्या असताना, १९७० मध्ये आली, नोकरी करून आणि दोन मुलांना एकटीने वाढवत त्यांनी ती पहाटे उठून लिहिली, आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळालं. नोबेलसाठी हे सांगत नाहीये, पहाटेसाठी सांगतेय.

आता नोकरी. "सोडायची हिंमत नाही म्हणजे स्वप्न खोटं" हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण हे कुणीतरी तुमच्या मनात घातलंय. सगळं सोडून उडी मारणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो कारण त्या ऐकायला भारी वाटतात, आणि उडी मारून आपटलेले स्टेजवर बोलायला येत नाहीत. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतली आकडेवारी घेऊन २०१४ साली एक अभ्यास केला, त्यात नोकरी सांभाळून आधी बाजूला धंदा सुरू करणारे आणि मग पूर्ण वेळ उतरणारे यांचा धंदा बंद पडायची शक्यता एकदम नोकरी सोडून उतरणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे जपून पाऊल टाकणारा माणूस कमी मनापासून करतो असं काही नाही. दरमहा येणारा पगार तुम्हाला चुकीचे काप करायची मुभा देतो, प्रत्येक फळीतून पैसे निघालेच पाहिजेत असा दबाव राहत नाही, शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे तुम्हाला यातून धंदा करायचाय का? पत्रात तुम्ही तसं कुठेच म्हटलेलं नाही, फक्त नोकरी सोडायचं म्हटलंय. आजकाल काहीही आवडलं की लगेच लोक म्हणतात, अगं विक ना हे! विकायला लागलं की दिवस बदलतो, गिऱ्हाइकाची मापं, गिऱ्हाइकाला हवा तो रंग, कोटेशन देणं, पैशांसाठी पाठी लागणं. काहींना यातही मजा येते, त्यांनी जरूर करावं. पण मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ चा एक जुना प्रयोग आहे, चित्रं काढायला मुळात आवडणाऱ्या लहान मुलांना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं आधीच सांगितलं, तर पुढे मोकळ्या वेळेत ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. मोठ्यांचं अगदी तसंच होईल असं नाही, पण पहिलं एक वर्ष तरी पैसे मनात आणू नका असं मला वाटतं. ओळखीतल्या कुणाचं मोडलेलं दुरुस्त करून द्या, लाकडाचे पैसे घ्या, मजुरी नको, आणि बघा की दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे काम करताना तुम्हाला कसं वाटतं. तेवढ्यावरूनच बरंच कळेल.

नवऱ्याच्या "छंद म्हणून ठीक आहे" वर रागावू नका लगेच. मला वाटतं त्यांना भीती वाटलीय, घरखर्च, मुलीचं शिक्षण, आणि तुम्ही स्वतःच्या मनातही अजून न बोललेलं 'नोकरी सोडते' हे त्यांना ऐकू आलंय. त्यांच्यापुढे 'माझं स्वप्न' असा मोठा शब्द ठेवण्यापेक्षा नेमकं काय हवंय ते मागा. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक-आवराआवर माझ्याकडे नसेल, गॅलरीतला हा कोपरा माझा, आणि दरमहा एवढी रक्कम हत्यारं आणि लाकूड यांसाठी. यावर त्यांना हो किंवा नाही म्हणता येईल, वाटाघाट करता येईल. मोठ्या शब्दावर फक्त वाद होतो. मुलीला मात्र या कामात सोबत घ्या, कॉलेजातली मुलगी आपल्या आईला काहीतरी शून्यापासून शिकताना बघते हे तिच्याही कामाला येईल.

हे सगळं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक दोन गोष्टी. ज्यांच्याकडे एक नाही तर दहा स्वप्नं आहेत त्यांनी सगळ्यात मोठं कुठलं ते ठरवत बसू नये, एक घ्यावं आणि तीन महिने त्याचा मधला दिवस जगून बघावा, उरलेली नऊ कुठे पळून जात नाहीत. ज्यांची जबाबदारी आत्ता खरंच इतकी आहे की आठवड्यातला एक तासही निघत नाही, घरात आजारपण आहे, लहान बाळ आहे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, पण ओढ कुठे आहे ते एका वहीत लिहून तरी ठेवावं. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ मध्ये पश्चात्तापावर काम केलं, त्यात असं दिसलं की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. म्हणून निदान वहीत असू द्यावं.

आणि एक महत्त्वाचं. ज्यांना स्वप्नच काय, कशातच मन लागत नाहीये, आधी आवडणारी गोष्टही नकोशी झालीय, झोप-भूक बिघडलीय आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, त्यांनी स्वप्नं शोधू नयेत, आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ताई, तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही, पण झोप नीट लागत नाही असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते.

तर तुम्ही आता काय करायचं? व्हिडिओ बंद करा असं नाही म्हणणार, पण एखाद्या माहितगार माणसाकडून रंधा धरायला आणि सांधा आखायला प्रत्यक्ष शिका, हाताची चूक स्क्रीनवरून दिसत नाही. काहीतरी लहान पण पूर्ण अशी वस्तू निवडा, एक स्टूल, दुरुस्ती नव्हे, पहिल्यापासून स्वतः केलेलं. ते झालं की लगेच दुसरं करा, त्याच मापाचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. मोठी मशीन घेऊ नका एवढ्यात, हाताची चार चांगली हत्यारं आणि लाकूड घट्ट धरून ठेवणारा एक शिकंजा पुरतो. सगळ्यांना सांगत फिरू नका, ज्याला लाकडातलं कळतं अशा एकाला दर महिन्याला काम दाखवा. सहा महिन्यांनी मला परत लिहा, तेव्हा नोकरीचा प्रश्न तुम्हाला तितकासा अडवतोय का ते बघू, मला वाटतं तोपर्यंत तो प्रश्नच वेगळा झालेला असेल.

आणि गॅलरीत घासकाम करताना तोंडावर चांगला मास्क लावत जा, साधा रुमाल नको, लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाणं धोक्याचं असतं, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था तिला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरते. डोळ्यांना चष्माही हवा. हे कुणी शिकवेपर्यंत थांबू नका, पुढच्या सुट्टीच्या आधी आणा.